एका होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर) डीडीआर४, दुसऱ्यावर डीडीआर५ रॅम. चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक) बंद न करता एकीकडून दुसरीकडे हलवता येईल का?

हो, बिनधास्त हलवा. रॅमचा प्रकार किंवा वेग स्थलांतराच्या आड येत नाही; नेटवर्कवरून जातो तो मेमरीतला मजकूर. तिकडे तेवढी रॅम मोकळी हवी, आणि व्हीएम ह्यूज पेजेसवर (मेमरीच्या नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांवर) चालत असेल तर ती पेजेसही तिकडे आधी राखून ठेवा.

घात करतो तो प्रोसेसर. रॅमची पिढी वेगळी म्हणजे बहुधा प्रोसेसरचीही वेगळी. केव्हीएममध्ये (लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या यंत्रणेत) सीपीयू 'होस्ट-पासथ्रू' (होस्टचा प्रोसेसर व्हीएमला जसाच्या तसा दाखवणारा) असेल तर स्थलांतरानंतर व्हीएम कोसळू शकते. दोन्हीकडे चालेल असं जुनं सीपीयू मॉडेल निवडा आणि व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा. नुसत्या रीबूटने बदल लागू होत नाही. व्हीएमवेअरमध्ये यासाठी ईव्हीसी (वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर व्हीएमला सारखेच दाखवणारी सोय) आहे. इंटेलवरून एएमडीवर जायचं असेल तर मात्र व्हीएम बंद करूनच न्या.