मागे थांब गं!

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागेना. सहाव्या वर्षापासून गळ टाकतेयस, पाणी बघून मासा कुठे असेल ते बोटाने दाखवतेस, आणि फ्लाय, म्हणजे पिसांचा खोटा किडा, फेकायच्या रॉडने तीन आठवड्यांत इतकं रडवलं की 'रॉडच चुकला, महागातला घेऊ का' म्हणून विचारतेस? नको घेऊस. ९ फुटी, ५ नंबरच्या लाइनसाठीचा आहे ना, पुष्कळ झाला तो.

अगं, गळाला वजन टोकाला असतं, शिसं पुढे जातं आणि मागून दोरी जाते. इथे सगळं उलटं. फ्लाय म्हणजे चिमूटभर पिसं आणि दोरा, तिला वजनच नाही, वजन लाइनला, म्हणजे जाड दोरीला. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट जेमतेम ९ ग्रॅम भरतात आणि तेवढ्यावरच रॉड वाकवायचा असतो, पण तो वाकणार कधी, तर रॉड मागे नेल्यावर लाइन मागे पूर्ण सरळ झाली तरच. त्याआधी पुढे ओढलंस की सगळा गुंता पायाशी. चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते म्हणतेस, ते तू थांबत नाहीस म्हणून. मागे थांब. लाइन जितकी लांब तितकं जास्त थांब. मान वळवून बघ सरळ, लाज कसली त्यात? लूप, म्हणजे लाइनचं हवेतलं वळण, उलगडत जातो, शेवटी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा, ताठ होतो, मुठीत हलकीशी ओढ जाणवते, तेव्हा पुढे.

मला शिकवणारे एक काका होते. तीनदा म्हणाले, 'थांब.' चौथ्यांदा मी तोंड वर करून म्हटलं, मला लहानपणापासून मासे पकडता येतात. ते गप्प बसले ते बसलेच. पुढची चार वर्षं मी नुसता जोर लावत राहिलो, खांदा धरला, दोन रॉड बदलले, आणि चूक कळली तेव्हा सांगायला काका उरले नव्हते. अजून टोचतं ते. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिला महिना पाण्याकडे फिरकू देत नाही, गवतावरच उभं करतो, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा. पोरं कंटाळून पळतात, लोक हट्टी म्हणतात. आहेच मी हट्टी, आणि याबाबतीत माझंच बरोबर आहे!

पाण्यावर गेलीस तरी तेच. प्रवाह लाइन ओढतो, फ्लायमागे पाण्यावर रेघ उठते आणि मासा ढुंकूनही बघत नाही. लाइनचं पोट, म्हणजे मधला बाक, उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाक आणि हात थांबव. बाकी पाणी तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, ते मी काय शिकवणार.

जुना गळ विकू नकोस हं. शनिवारी वारा नसेल तेव्हा गवतावर कुणाकडून तरी बाजूने व्हिडिओ काढून घे, मागे रॉड कुठे थांबतो ते दिसलं पाहिजे. लोकर लाल भडक घे, मागे बघताना चटकन नजरेत येते.