काळ्या पानाची स्वस्त सिगार चांगली की सुमार, हे चव घेऊन कसं ठरवायचं?

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. दहा डॉलरच्या आतल्या मदुरो, म्हणजे काळ्या पानाच्या सिगारमध्ये खरंच काही दम असतो का, आणि सिगार जितकी काळी तितकी कडक का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. काळा रंग असतो तो फक्त वरच्या पानाला, म्हणजे रॅपरला. कडकपणा ठरतो मुख्यतः आतल्या पानांवर, म्हणजे फिलरवर, त्यातही झाडाच्या शेंड्याकडच्या पानांवर. त्यांना ऊन जास्त मिळतं आणि निकोटीनही त्यांच्यातच जास्त. त्यामुळे काळीकुट्ट पण सौम्य सिगार असते आणि फिकट रंगाची डोकं गरगरवणारीही असते.

मी अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. इथून विंडसर, सफील्डकडे निघालं की शेतांच्या कडेला लांबच लांब लाकडी कोठारं दिसतात. त्यांच्या भिंतीतल्या उभ्या फळ्या बिजागरीवर असतात, हवा खेळती राहावी म्हणून उघडतात. ब्रॉडलीफ जातीचा तंबाखू इथेच वाळतो. या जातीचं एकेक पान खुडत नाहीत. अख्खं झाड बुंध्याशी कापतात, बुंधा लाकडी पट्टीत ओवतात आणि झाडं उलटी टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात. पान जाड, तेलकट, ठसठशीत शिरांचं. नंतर त्याचे ढीग रचून आंबवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया निघून जातो, पान हळूहळू गडद होतं. मदुरोसाठी ही आंबवणी जास्त लांब आणि जास्त उष्ण चालते, आणि ती सोसायला पान असंच जाड लागतं. मेक्सिकोतल्या सान आन्द्रेसचं पानही याच कामाचं.

आता स्वस्तपणाचा मुद्दा. आंबवणीला वेळ लागतो आणि तेवढा काळ मालकाचा पैसा ढिगात अडकून पडतो. म्हणून काही कारखाने पान घाईघाईने तापवून काळं करतात, काही चक्क रंग देतात. स्वस्त मदुरोत सगळ्यात आधी हेच तपासायचं. ओला टिश्यू पानावर हलकेच घासा. थोडा तपकिरी डाग कुठल्याही मदुरोचा पडू शकतो, त्याचं काही नाही. पण टिश्यू काळा झाला आणि खालचं पान फिकं पडलं, तर तिथेच थांबा. सगळीकडे एकसारखा, डागविरहित काळा रंग दिसला तरी मला शंका येते. नीट आंबवलेल्या पानावर गडद-फिके ढग दिसतात.

मग वास. माझं आजोळ निपाणीचं. तिथे विडीच्या तंबाखूचं पान चुरगळून हुंगल्याशिवाय भावाची गोष्ट निघत नसे. सिगारही आधी नाकानेच बघावी. पेटवायच्या बाजूला नाक लावा. कोको, सुकं गवत, गोठ्याचा मंद वास, हे सगळं चांगलं लक्षण. अमोनियाचा झोंबरा वास आला तर तंबाखू अजून तयार नाही. ती सिगार काही महिने ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या पेटीत पडू दे.

मी ज्या सिगारवरून इतर स्वस्त मदुरो मापतो ती निका रुस्टिका, त्यातही एल ब्रुहितो हा आकार: ६ इंच लांब, ५२ रिंगची, म्हणजे व्यास ५२/६४ इंच. ड्रू इस्टेट कंपनीचा हा माल निकाराग्वातल्या एस्तेलीत वळला जातो, पण रॅपर आमच्या इथलं ब्रॉडलीफ, बाइंडर, म्हणजे फिलर बांधून ठेवणारं मधलं पान, सान आन्द्रेसचं आणि फिलर निकाराग्वाचा. दिसायला ओबडधोबड, शिरा वर आलेल्या, टोकाला पिळलेली शेंडी. देखण्या पानाचे पैसे इथे मोजावे लागत नाहीत, म्हणूनच ती परवडते, आणि मला हा व्यवहार एकदम पटतो.

पहिला इंचभर मिरी आणि ओल्या मातीची चव येते, थोडी दांडगट. इथे मत बनवू नका. पहिल्या भागात बहुतेक सगळ्याच मदुरो बऱ्या लागतात. खरी परीक्षा मध्यापासून पुढे. तिथे या सिगारमध्ये बिनसाखरेचा कोको येतो आणि त्यामागून काकवीसारखा जड, किंचित कडवट गोडवा. झुरका सोडल्यावरही तो जिभेच्या कडांवर राहतो. थोडा धूर नाकावाटे सोडून पाहा (छातीत ओढू नका), म्हणजे तो जास्त स्पष्ट कळेल. घाईने काळ्या केलेल्या सिगारचा गोडवा नेमका इथे संपतो. उरते ती करपट, काजळीची चव, आणि पाणी प्यायलं तरी ती जात नाही. शेवटच्या भागात ब्रुहितोही कडवट होते, पण मिनिटाला एखादाच झुरका घेतला तर ते निभतं.

जळण्याकडेही लक्ष ठेवा. जाड पान सावकाश जळतं, त्यामुळे आतला तंबाखू पुढे पळून पोकळी पडू शकते. एकदा लायटरने कड सरळ करावी लागली तर मी गुण कापत नाही. दर पाच मिनिटांनी करावी लागली तर कापतो. राख इंचभर टिकली तर आत बहुधा सलग लांब पानं आहेत. तोंडात तुकडे येत असतील आणि धूर गरम लागत असेल तर आत चुरा भरलाय.

दुकानातून आणल्या आणल्या पेटवू नका. बऱ्याच दुकानांत ओलावा जास्त ठेवतात आणि जाड पान तो धरून ठेवतं. ६५ टक्के आर्द्रतेत दोन-तीन आठवडे ठेवली की तीच सिगार सरळ जळते. पोटात काही असल्याशिवाय ओढू नका, निकोटीनने मळमळतं. आणि तुम्ही मुळात तंबाखूला शिवत नसाल तर या उत्तरावरून सुरुवात करू नये, हे मनापासून सांगतो. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच.

खोका घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. तीन सुट्या घ्या. एक ब्लेडने उभी चिरून आतली पानं बघा, एक दोन-तीन आठवड्यांनी ओढा आणि तिसरी दोन महिन्यांनी. तिसरीत मधला गोडवा दुसरीपेक्षा वाढलेला असेल तर खोका घ्या.