सामना किती उरला आहे, हे आबांना कळायला हवे

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेला माणूस असल्यामुळे फुटबॉल त्यांच्या रक्तात आहे. तरुणपणी ते तालमीच्या संघातून डाव्या बगलेला बचाव सांभाळत असत आणि गेली चाळीस वर्षे शाहू स्टेडियमवरचा आपल्या संघाचा एकही सामना त्यांनी सहसा चुकवलेला नाही. सहा महिन्यांपूर्वी त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले. तो यकृतापर्यंत पोहोचला आहे आणि आजार आटोक्यात ठेवता येईल, पण पूर्ण बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी मला व माझ्या भावाला सांगितले. आबांना कॅन्सर असल्याचे माहीत आहे. मात्र यकृताविषयी आम्ही 'थोडी सूज आहे' एवढेच सांगितले आहे. दर पंधरा दिवसांनी त्यांना केमोथेरपी दिली जाते आणि त्यानंतर दोन दिवस औषधाचा छोटा पंप कमरेला बांधून ते घरीच असतात.

घरी येणारा प्रत्येक जण त्यांना 'आबा, तुम्ही खेळाडू माणूस, पॉझिटिव्ह राहा, कॅन्सरला हरवून दाखवा' असे सांगतो. तेही पाहुण्यांसमोर हसतात, जुन्या सामन्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. पण परवा रात्री सोप्यात एकटेच बसले असताना त्यांनी मला विचारले, 'सेकंड हाफ सुरू झाला काय रे?' टीव्ही तर बंद होता. मी 'आज मॅच नाही, आबा' असे म्हणून वेळ मारून नेली. त्यांना मैदानावर जायचे आहे, आईचा ठाम विरोध आहे. त्यांची उमेद टिकावी म्हणून आम्ही काय करावे? आणि त्यांचा आनंदी चेहरा खरा समजावा की वरवरचा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आबांनी उच्चारलेले आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही दिलेले नाही. यात मी तुम्हाला दोष देत नाही; मध्यरात्री बापाने असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी हेच केले असते. तरीही एवढे नक्की की आबा त्या रात्री टीव्हीवरच्या सामन्याविषयी विचारत नव्हते. दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात जाणारा, शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांशी बोलणारा, आपल्या घरातल्यांचे चेहरे सत्तर वर्षे वाचत आलेला माणूस 'सूज' या शब्दावर फार काळ विसंबून राहत नाही. त्यांना बरेचसे कळलेले आहे. तुम्हाला ते सांगणे अवघड जाते, हेही त्यांना कळले आहे आणि म्हणून ते सामन्याच्या भाषेत आडून विचारत आहेत.

आधी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचे पाहू, कारण तो हल्ली रुग्णाच्या खाटेला सलाइनच्या बाटलीसारखा टांगलेला असतो. मन प्रसन्न ठेवले तर कॅन्सर हरतो, ही समजूत प्रेमापोटी पसरलेली असली, तरी तिला आधार नाही. अमेरिकेत डोके व मान यांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची मानसिक अवस्था चांगली होती की वाईट, यावरून तो किती जगला याचा कोणताही अंदाज बांधता आला नाही. ही बातमी निराश करणारी वाटेल. मला मात्र ती रुग्णाची सुटका करणारी वाटते. एखाद्या रात्री आबांना रडू आले, ते चिडले, जेवणाचे ताट त्यांनी बाजूला सारले, तर त्यामुळे गाठ वाढत नाही. उलट, 'हरवून दाखवा' म्हणणाऱ्यांना हे लक्षात येत नाही की उद्या आजार वाढला, तर हरल्याचा ठपका त्यांनी आजच आबांच्या नावावर लिहून ठेवलेला आहे. खेळाडू माणसाला हा ठपका इतरांपेक्षा जास्त झोंबतो. पाहुण्यांना दारातच हळू आवाजात सांगा की आबांशी आजाराखेरीज कशावरही, अगदी रेफरीच्या चुकांवरही, खुशाल बोलावे.

आबांचे पाहुण्यांसमोरचे हसणे खरे की खोटे, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. ते खरेच असावे. जुन्या सामन्याची गोष्ट सांगताना माणूस खरोखर त्या सामन्यात असतो आणि रात्री एकटा बसल्यावर खरोखर घाबरलेला असतो. एकाच दिवसात दोन्ही होऊ शकते. लक्ष ठेवायचे ते वेगळ्या गोष्टीवर. ज्या माणसाने कुठल्याही स्थितीत 'किती गोल झाले?' हे विचारणे सोडले नाही, तो जर सलग दोन आठवडे निकाल विचारेनासा झाला, सामन्याचा विषय निघाला तरी तोंड फिरवू लागला, झोप उडाली किंवा सगळ्यांना आपला भार होतो असे बोलू लागला, तर ते नैराश्य असू शकते. गंभीर आजारात ते बऱ्याच जणांना येते आणि औषधांनी व समुपदेशनाने त्यावर उपचार होतात. 'एवढा आजार आहे, वाईट वाटणारच' असे म्हणून ते सोडून देऊ नये. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगावे किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या आबांना स्वेन-गोरान एरिक्सन हे नाव नक्की माहीत असेल. २००१ ते २००६ या काळात इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक होते. मूळचे स्वीडनचे, इंग्लंडने नेमलेले पहिले परदेशी प्रशिक्षक. २०२३ मध्ये पाच किलोमीटर धावल्यानंतर ते कोसळले आणि तपासणीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वीडिश रेडिओवर सरळ सांगून टाकले की फार तर वर्षभर हातात आहे. लहानपणापासून ते लिव्हरपूलचे चाहते होते, त्या संघाचा प्रशिक्षक व्हायची इच्छा आयुष्यभर राहून गेली होती. ते जाहीर होताच लिव्हरपूल क्लबने त्यांना माजी खेळाडूंच्या सामन्यासाठी बोलावले. २३ मार्च २०२४ रोजी लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅयाक्स या डच क्लबच्या माजी खेळाडूंविरुद्ध ते लिव्हरपूलच्या बाकावर बसले. मध्यंतराला संघ ०–२ असा मागे होता आणि शेवटी ४–२ असा जिंकला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते गेले. ही गोष्ट त्यांच्या धैर्याचे उदाहरण म्हणून सगळीकडे सांगितली जाते, मला मात्र तिच्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. एरिक्सन यांना आपल्याकडे किती वेळ आहे हे ठाऊक होते, म्हणूनच तो दिवस घडू शकला. त्यांच्या घरच्यांनी 'थोडी सूज आहे' असे सांगितले असते, तर अ‍ॅनफिल्डवरचा तो बाक रिकामाच राहिला असता.

आबांच्या मनातही असा एखादा बाक असेल. कदाचित जुन्या संघातले जे हयात आहेत त्यांना एकदा घरी बोलवायचे असेल, कदाचित नातवाला डाव्या पायाने चेंडू थांबवायला शिकवायचे असेल, कदाचित आईच्या नावावर घर करून टाकायचे असेल. 'बरे झाल्यावर बघू' या आपल्या शब्दांनी हे सगळे पुढे ढकलले जाते.

याचा अर्थ आज संध्याकाळी त्यांच्यासमोर रिपोर्ट उघडून ठेवावा, असा मात्र नाही. कुणाला सगळे जाणून घ्यायचे असते, कुणाला थोडे, कुणाला काहीच नको असते आणि हा निर्णय रुग्णाचा आहे, मुलांचा नाही. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, किंवा विचारला नाही तरी असाच निवांत क्षण पाहून, तुम्ही एवढेच म्हणा : 'आबा, त्या दिवशी तुम्ही सेकंड हाफचं विचारलंत, मी उत्तर टाळलं. आजाराविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?' मग गप्प राहा. ते 'सगळं सांग' म्हणाले तर डॉक्टरांची वेळ घ्या आणि पुढचे डॉक्टरांना आबांशी, तुमच्याशी नव्हे, बोलू द्या. 'तूच बघ, मला नको सांगू' म्हणाले, तर तेही उत्तर पूर्ण आहे.

त्याच भेटीत डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरविषयी विचारा. हे उपचार अखेरच्या आठवड्यातच द्यायचे असतात, असा आपल्याकडे गैरसमज आहे. वास्तविक वेदना, मळमळ, झोप, भीती या सगळ्यांकडे केमोथेरपीच्या जोडीने पाहणारी ती शाखा आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना सुरुवातीपासून हे उपचार मिळाले त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि आयुर्मानाचा मध्यांकही (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरला. आबांचा आजार वेगळा आहे, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण 'हसत राहा' या सल्ल्यापेक्षा या वाटेवर जाणे जास्त शहाणपणाचे आहे.

राहिला मैदानाचा प्रश्न. तुमच्या आईंचे घाबरणे अगदी निराधार नाही. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या काळात गर्दी टाळावी लागते. म्हणून पुढच्या केमोच्या आधीचे दोन-तीन दिवस निवडावेत आणि त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी होकार दिला तरच जावे. आतड्याच्या कॅन्सरवर पंधरा दिवसांच्या अशा उपचारात बहुधा ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध असते. ते घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला तरी मुंग्या येतात आणि थंड पाणी प्याल्यास घसा आवळल्यासारखा वाटतो. आबांना हेच औषध चालू असेल, तर मध्यंतरातला थंडगार सोडा बंद, घरून कोमट पाण्याची बाटली न्यायची. पुढे पुढे याच औषधाने तळपाय बधिर होतात आणि पायरीचा अंदाज चुकतो. स्टेडियमच्या उंच पायऱ्यांवर गोल झाल्यावर उडी मारून उठणाऱ्या माणसाला हे सांगून ठेवलेले बरे. नेहमीच्या घोळक्यात न बसता कडेची, खालच्या पायरीची जागा धरा, मास्क लावा आणि दोन पेठांचे संघ एकमेकांसमोर असतील तर शेवटची दहा मिनिटे राहिली असताना बाहेर पडा. यावर आबा तुम्हाला काय म्हणतील याची मला कल्पना आहे; ते ऐकून घ्या, पण बाहेर पडा. घरी आल्यावर कधीही १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. आईंनाही एकदा बरोबर न्या. चाळीस वर्षे नवरा जिथे जातो ती जागा त्यांनी कदाचित पाहिलेलीच नसेल.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. ऐन उमेदीत खो-खो खेळले, नंतर पंचवीस वर्षे शाळेत मुलींचा संघ घडवला. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे आहेत हे पाहिले, तेव्हापासून पुन्हा मैदानावर जावेसे वाटते. सूनबाई म्हणतात, 'आई, आता आराम करा.' मी काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बाई, आपल्याला परवानगी हवी आहे असे पत्रावरून वाटत नाही, पाठिंबा हवा आहे आणि तो मी देते. आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, एकदा विचारून घ्यावे. हृदय व रक्तदाब यांची स्थिती बरी असेल तर ते बहुधा नको म्हणणार नाहीत, कारण डायलिसिसच्या रुग्णाने हलका व्यायाम करावा, असेच सांगितले जाते. डायलिसिसच्या दिवशी चार तासांनंतर अंगातले त्राण गेलेले असते आणि उठताना रक्तदाब उतरतो, तेव्हा मधल्या दिवसांतली संध्याकाळ ठरवावी.

ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) आहे, त्याला सर्वाधिक जपावे. सूर मारणाऱ्या मुलीचा धक्का त्या हाताला लागता कामा नये, म्हणून खांबाजवळ उभे न राहता मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसावे, तो हात खेळाच्या विरुद्ध बाजूला राहील असे. त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ नको, साहित्याची पिशवीही नको. रोज सकाळी फिस्टुलावर बोट ठेवून थरथर जाणवते का ते आपण पाहत असालच. ती जाणवली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला कळवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र प्रेमाचा आहे. जुन्या विद्यार्थिनी भेटायला येतील आणि येताना शहाळे घेऊन येतील. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडे काम करत नसताना ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकते, केळ्यांचेही तसेच. दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातले मैदानासाठी किती, ते मोजून छोट्या बाटलीत न्यावे. शहाळे आणले तर ते संघातल्या सर्वांत बारीक मुलीला द्यावे आणि तिला आपल्यासमोरच संपवायला लावावे. सूनबाईंना पहिल्या दिवशी सोबत घेऊन जा. वेळ मोजायला कुणीतरी लागतेच.