मुंबईतलं ‘जुनं सचिवालय’ म्हणजे मंत्रालयाचीच जुनी इमारत का?

नाही, दोन्ही वेगळ्या. ओव्हल मैदानात उभं राहून पूर्वेकडे तोंड करा. राजाबाई टॉवरच्या उजव्या हाताला विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि त्याच्या पुढे जी लांबलचक दगडी इमारत दिसते, ते जुनं सचिवालय. आता तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. कित्येक जण त्यालाच हायकोर्ट समजतात. हायकोर्ट टॉवरच्या डावीकडे. घराच्या एका दाव्यापायी माझ्या इथे बऱ्याच खेपा झाल्या. पुकारा होईपर्यंत वर बघत बसण्याखेरीज उद्योग नसायचा, तेव्हा इमारत जवळजवळ पाठच झाली.

बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६० च्या दशकात, फोर्टचा तट पाडला गेला. त्या मोकळ्या झालेल्या जागेत ही सगळी सरकारी रांग उभी राहिली. सचिवालयाचं काम १८६७ साली सुरू झालं नि १८७४ ला संपलं. आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. हे लष्करातले इंजिनिअर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची इमारतही त्यांचीच.

शैलीला व्हेनिशियन गॉथिक म्हणतात. टोकदार कमानी, रंगीत दगडांची गुंफण, मधोमध १७० फुटी मनोरा आणि त्याच्या पोटात मुख्य जिना. लांबी सुमारे ४४३ फूट. पहिल्या मजल्यावर गव्हर्नरच्या कौन्सिलचा हॉल होता, म्हणजे इलाख्याचा कारभार इथूनच चाले.

मला विचाराल तर खरी करामत मनोऱ्यात नाही, व्हरांड्यांत आहे. बाहेरून चर्चसारखं रूप, पण पश्चिमेच्या अंगाला मजल्यामजल्यावर कमानींचे व्हरांडे. उन्हाचा तडाखा आणि पावसाची झड व्हरांड्यानं झेलायची, आतल्या कारकुनाला फक्त वारा. तेव्हा मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता, हे ध्यानात घेतलं की ही मांडणी पटते. पुढे बॅकबेच्या समुद्रात भर घालून जमीन केली, १९३० च्या दशकात समोर आर्ट डेको या तेव्हाच्या नव्या शैलीतल्या इमारती आल्या आणि समुद्र लांब गेला. गंमत म्हणजे समोरासमोरच्या या दोन्ही रांगा २०१८ साली एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

नावाचा घोळ म्हणाल, तर १९५५ मध्ये सरकारी खाती मादाम कामा रस्त्यावरच्या नव्या इमारतीत हलली. तिलाही ‘सचिवालय’च म्हणत. १९७५ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिचं ‘मंत्रालय’ झालं. त्यामुळे जुन्या पिढीतलं कुणी नुसतं ‘सचिवालय’ म्हणालं, तर कोणतं ते विचारून घ्यावं.

बघायला जायचं तर दुपारी चारनंतर जा. उतरतं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. फोटो मैदानातूनच काढा. आत कोर्ट आहे, तिथे कॅमेरा चालत नाही.