म्हापसा ते पणजी रोजची बस: शटल, खाजगी गाडी आणि दारातली गर्दी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: म्हापशात खोली घेतली आहे, नोकरी पणजीत पाटोवर, सव्वानऊला हजेरी. शटल (म्हणजे कदंबची, गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, वाटेत न थांबणारी बस) धरावी की खाजगी बस? खाजगी गाड्या आधी रेंगाळतात आणि मग पिसाटासारख्या का सुटतात? दार अडवून उभे राहणाऱ्यांचं काय करायचं? शिवाय महिन्यातून एकदा आईला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं आणि शनिवारी सावंतवाडीला जायचं, ते कसं? रेंगाळण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते कळलं की बाकीचं अर्धं आपोआप कळतं.

खाजगी बसचा सगळा स्वभाव तिच्या 'टायमा'त आहे. परवान्यात मार्गाबरोबर सुटण्याची वेळही ठरलेली असते. आपली वेळ आणि मागच्या गाडीची वेळ यांत जी काही मिनिटं असतात, तेवढ्यात थांब्यांवर जमलेलं गिऱ्हाईक आपलं. तिथे दोन लोभ एकमेकांशी भांडतात. जितकं रेंगाळावं तितकी माणसं वाढतात. पण मागची गाडी आरशात दिसली की पुढचे थांबे तिच्या घशात जाण्याची भीती. म्हणून म्हापशाच्या स्टँडवरून गाडी सुटते ती सुटल्यासारखी करते. ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून हातभर पुढे, वीतभर मागे करतो, कंडक्टर खाली उतरून 'पणजी पणजी पणजी' ओरडतो, आत बसलेल्यांना वाटतं निघालो. फाटकाशी पुन्हा थांबा. वाटेतल्या गिरी गावापर्यंत हाच खेळ. मग मागून दुसरीचा हॉर्न ऐकू आला की हीच गाडी पर्वरीचा उतार अशी उतरते की उभ्या माणसाने दांडा सोडू नये. पणजीला उशीर झाला तर परतीचा टाईमही हातचा जातो, हे आणखी एक कारण. बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई दिवसाच्या धंद्यावर अवलंबून असते, त्यामुळे प्रवाशाने आरडाओरडा केला तरी हे थांबत नाही. कदंबच्या ड्रायव्हरला पगार आहे, त्याला मागच्या गाडीची फिकीर नाही. म्हणून तो रेंगाळतही नाही आणि तुम्ही हात दाखवलात तर बहुधा थांबतही नाही. दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत, एक हवी नि दुसरी नको असं चालत नाही.

तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे: सकाळी शटल, संध्याकाळी जी आधी सुटेल ती. म्हापसा ते पणजी अंतर १३ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर शटलला अर्धा तास पुरतो, खाजगीला त्याहून पंधरा मिनिटं तरी जास्त धरा. पण पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून 'रस्ता मोकळा असेल तर' हे शब्दच विनोदी झालेत. वळवलेल्या वाहतुकीत शटल आणि खाजगी दोघीही एकाच रांगेत अडकतात. फरक उरतो तो थांब्यांचा. म्हणून सव्वानऊच्या हजेरीसाठी सव्वाआठच्या आत शटलच्या रांगेत उभे असा, साडेआठच्या नव्हे. आठनंतर शाळा-कॉलेज आणि सरकारी कचेऱ्यांची माणसं एकदम येतात आणि तुमच्यापुढे एक गाडी भरून जाते. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी आणखी दहा मिनिटं आधी या. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. तेव्हा पेडणे, डिचोलीकडून म्हापशाला येणाऱ्या गाड्या टोपल्या-गोणींनी भरलेल्या असतात आणि स्टँडच्या तोंडाशी वाहतूक तुंबते, त्यामुळे शटलच वेळेवर आत येत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे चार-पाच दिवस माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) सामानाचा बाजार असतो, तेव्हा वेळेचा हिशेबच करू नका, लवकर निघा.

शटलचं तिकीट गाडीत चढण्याआधी खिडकीवर घ्यायचं. सुटे पैसे हातात ठेवा. रांग खोळंबते ती पाचशेच्या नोटेवर. तिकीट काढून रांग सोडली की जागा गेली, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. आणि खिडकीतून रुमाल, पिशवी किंवा वर्तमानपत्र टाकून जागा धरणं हा इथला जुना रोग आहे. रांगेच्या गाडीत रुमालाला काही किंमत नाही. रुमाल उचलून शेजारच्या कठड्यावर ठेवायचा आणि बसायचं, भांडायचं नाही. मालक आला तर एवढंच म्हणायचं की रांगेने आलो. तो कंडक्टरकडे जात नाही, कारण कंडक्टर काय म्हणेल ते त्याला ठाऊक असतं.

बसायचं कुठे, यात बराच फरक पडतो. मागच्या चाकाच्या वरची जागा टाळा: चाकाचा फुगवटा पायाखाली येतो आणि गुडघे हनुवटीला लागतात. अगदी शेवटची रांगही नको, कारण ती मागच्या आसाच्या पलीकडे लोंबते आणि प्रत्येक खड्ड्याला दुप्पट उसळते. दोन्ही चाकांच्या मधली जागा सगळ्यात शांत. आता ऊन. म्हापशाहून पणजीला जाताना गाडीचं तोंड दक्षिणेकडे असतं, म्हणून सकाळचं ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. तेव्हा दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरा. मडगावहून पणजीला रोज येणाऱ्यांचं बरोबर उलट, त्यांनी दोन्ही वेळा दाराची बाजू धरावी. फोंड्याहून येणारे नशीबवान, त्यांचा सूर्य दोन्ही वेळा साधारण पाठीशी असतो. पावसात हा हिशेब निकामी: तेव्हा खिडकीपेक्षा आतली जागा बरी, कारण सरकत्या काचेचा रबर बहुतेक गाड्यांत गेलेला असतो आणि पाणी मांडीवर ठिबकतं. काच अडकली तर वरून ओढू नका, खालच्या कडेला तळहात लावून ढकला.

खाजगी गाडीच पकडायची वेळ आली तर भरलेली गाडी शोधू नका, सुटणारी शोधा. ड्रायव्हर सीटवर आणि कंडक्टर दाराच्या पायरीवर असेल ती लवकर जाते. अर्धी भरलेली, इंजिन बंद आणि ड्रायव्हर चहाला गेलेली गाडी पंधरा मिनिटं हलत नाही. 'पयलीं खंयची सुटटा?' (आधी कुठली सुटते?) असं सरळ विचारा. दुसऱ्या गाडीचा कंडक्टर खरं सांगतो, पहिल्याचा नेहमी आपलीच म्हणतो.

आता दाराचा प्रश्न. दार अडवणारे सगळे बेशिस्त नसतात. गिरीला किंवा पर्वरीत 'तीन बिल्डिंग'पाशी उतरणाऱ्याला भीती असते की आत गेलो तर उतरायला मिळणार नाही, आणि ती भीती खोटी नाही. थांब्यावर गाडी दहा सेकंद टेकते. उपाय असा: चढतानाच कंडक्टरला उतरायचं ठिकाण मोठ्याने सांगा आणि दोन थांबे उरले की दाराकडे सरकायला लागा. कंडक्टरला माहीत असलं की तो आधी शिट्टी मारतो किंवा पत्र्यावर थाप देतो. तुम्ही थेट पणजीला जाता, म्हणजे तुमची जागा आत, मागे. लांबचा प्रवासी दारात उभा राहतो तेव्हाच खरी कोंडी होते. पुढच्याला सरकवायचं तर 'मातशें फाटीं वच' एवढं कोंकणीत, हसून म्हटलेलं मराठीतल्या 'जरा मागे सरका हो'पेक्षा लवकर लागू पडतं. सवयीची बाब आहे. पाठीवरची बॅग उतरवून पायाशी किंवा इंजिनच्या झाकणावर ठेवा. पाठीवरची एक बॅग एका उभ्या माणसाची जागा खाते, आणि तुम्ही वळलात की बसलेल्याच्या तोंडावर येते. झाकणावर ठेवाल तर जेवणाचा डबा आणि औषधं त्यात नकोत, झाकण तापतं.

महिलांच्या राखीव जागांवर पुरुष 'बाई येईपर्यंत' बसतात आणि बाई आली की झोपेचं सोंग घेतात. सोंग घेतलेल्याला उठवण्याचं काम बाईने करू नये, कंडक्टरला सांगावं: 'ही सीट मोकळी करून द्या.' तो बहुधा करतो, कारण त्यालाही गाडीत तंटा नको असतो. मासळीवाल्या बायकांच्या टोपल्यांवरून कुरकुर करणाऱ्यांना मात्र माझी सहानुभूती नाही. त्यांचा धंदा पहाटेपासूनचा आहे आणि त्या टोपलीचंही भाडं देतात. पाणी सांडतं ते मागच्या दाराकडे वाहतं. पांढऱ्या बुटांनी तिकडे उभं राहू नये, संपला विषय. गुटखा खाऊन खिडकीतून थुंकणारा मात्र वेगळ्या जातीचा: चालत्या गाडीत ते वाऱ्याने मागच्या खिडकीतून कोणाच्या तरी अंगावर येतं. त्याच्या मागची खिडकी बंद करा नि कंडक्टरला नाव सांगा.

तिकीट मागा. खाजगीत बरेचदा पैसे घेतात आणि कागद देत नाहीत, आणि दुसऱ्या फेरीत तोच कंडक्टर पुन्हा तुमच्यापुढे हात पसरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ प्रमाणे तिकीट नसलेल्या प्रवाशाला आणि तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला, दोघांनाही ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे तपासनीस चढला तर 'दिलं नाही' हे कारण तुम्हाला फारसं वाचवत नाही. परवान्यापेक्षा जास्त माणसं कोंबली तर कलम १९४ अ प्रमाणे प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये, आणि जादा माणसं उतरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. परवान्यातला आकडा गाडीवरच रंगवलेला असतो. तक्रार करायचीच तर 'रोज असंच होतं' असं लिहू नका. गाडीचा पूर्ण क्रमांक, तारीख, वेळ, कोणत्या दिशेने आणि कोणत्या थांब्यापाशी, एवढं दिलं तरच वाहतूक खात्याला ती गाडी परवान्यातल्या टायमाशी ताडून पाहता येते.

पणजी स्टँडवरून पाटोवरच्या कचेऱ्या चालण्याच्या अंतरावर आहेत, त्यासाठी रिक्षा करू नका. शहरात आत जायचं असेल, म्हणजे पोस्टाकडे किंवा चर्चच्या चौकात, तर पाटो पूल ओलांडून पायी जाणंच बरं. मिरामार, दोनापावलाकडे कदंबच्या विजेवरच्या बस आहेत.

बांबोळीचं जरा सांभाळून. पणजी-मडगाव शटल नॉनस्टॉप असते, ती इस्पितळापाशी उतरवेल असं गृहीत धरू नका, चढण्याआधी विचारा. त्यापेक्षा पणजी स्टँडवरून मडगाव किंवा वास्कोच्या बाजूला जाणारी, थांबत जाणारी साधी गाडी घ्या. ती हमरस्त्यावरच सोडते, आत चालावं लागतं. ओपीडीचे कागद सकाळी लवकर काढायचे असतात, म्हणून आईला घेऊन म्हापशाहून सकाळी सातच्या आत निघा, आणि शटलच्या रांगेत त्यांना बसवून तुम्ही उभे राहा. परतताना दुपारी एक ते तीनच्या मधे गाड्या बऱ्या मिळतात, पाचनंतर बांबोळीला येईपर्यंत त्या भरून येतात.

संध्याकाळी पणजीहून साडेसहा ते साडेसातची गर्दी जीवघेणी. त्याआधी निघता येत नसेल तर पावणेआठपर्यंत थांबणं शहाणपणाचं, पण त्याहून नाही: आठनंतर गाड्या झपाट्याने विरळ होतात आणि रविवारी त्याहून लवकर. म्हापशात उतरल्यावर खोली लांब असेल तर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट आहे, भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

सावंतवाडीसाठी कदंब आणि एसटी, दोन्ही म्हापशावरून जातात. शनिवारी दुपारनंतर पणजीहूनच भरून येतात, म्हणून म्हापशात थांबून जागेची आशा करण्यापेक्षा त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पणजी स्टँडवरच चढा. पाटोवर आहात, स्टँड शेजारी आहे. आई सोबत असतील तर एसटी बघा. महाराष्ट्राची महिलांसाठीची निम्म्या भाड्याची सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, पण दोन्ही फक्त एसटीत आणि फक्त महाराष्ट्राच्या हद्दीत. म्हणजे पत्रादेवीपर्यंत पूर्ण भाडं आणि तिथून पुढे सवलत. वयाची सवलत घ्यायची असेल तर आधार कार्ड हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. कंडक्टर गाडी म्हापशाबाहेर पडायच्या आतच तिकिटं फाडायला येतो.