सूर-शंका : फाट्यावर चुकलेली बोटं

प्रश्न : बाई, मी 46 वर्षांचा, बँकेत नोकरीला. चार वर्षांपूर्वी हौसेनं पियानो शिकायला लागलो. गेल्या महिन्यात क्लासच्या कार्यक्रमात बाखची सी मेजरमधली (सी हा सा धरलेली) पहिली इन्व्हेन्शन, म्हणजे दोन हातांच्या दोन चालींची छोटी रचना, नोटेशन न बघता वाजवायला बसलो. घरी डोळे मिटून वाजवतो. स्टेजवर मात्र सातव्या बारला, म्हणजे तालाच्या सातव्या खणाला, पाटी कोरी. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. तिसऱ्या वेळी उठलो, नमस्कार केला आणि खाली आलो. वय झालं म्हणायचं का? मोठे पियानोवादक अशा वेळी काय करतात?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वयाचं नाव काढू नका. माझं असंच झालं तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

मोझार्टची सी मेजर सोनाटा, के. 545 (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). खुद्द मोझार्टनं 1788 साली आपल्या वहीत ती नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवलेली, त्यामुळं मी जरा तोऱ्यातच बसले होते. पहिल्या भागात सुरुवातीची चाल दोनदा येते. पहिल्यांदा ती सी मेजरमधून निघून जी वर येऊन टेकते आणि पुढची चाल जी मेजरमध्ये सुरू होते. दुसऱ्यांदा ती निघते एफ मेजरमधून, पण टेकते तिथंच, जी वर. यावेळी मात्र पुढं सी मेजरला जायचं असतं. मी गेले जी मेजरला. कानाला खटकलं नाही, कारण सूर चुकीचे नव्हतेच, फक्त दोन-तीन मिनिटांपूर्वीचे होते! फिरून पुन्हा मधला भाग, पुन्हा तोच फाटा, पुन्हा जी मेजर. शेवटी घाबरून सी मेजरची एक कॉर्ड ठोकली आणि उठले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली माझी आत्या तेवढी म्हणाली, "एवढं लांबडं असतंय व्हय गं?"

आता तुमचा सातवा बार बघा. सुरुवातीला उजव्या हातात आलेली चाल तिथं डावा हात घेतो, जी वरून. म्हणजे दिसायला सुरुवात, पण सुरुवात नव्हे. पन्हाळ्याला जाताना वाघबीळला वळायचं राहिलं की गाडी खुशाल रत्नागिरीच्या रस्त्याला लागते; रस्ता गुळगुळीत असतो, म्हणून तर कळत नाही. पाठ केलेलं कुठंही विसरत नाही हो, बहुतेक वेळा फाट्यावरच विसरतं. रॉजर चॅफिन हे मानसशास्त्रज्ञ आणि गॅब्रिएला इम्रे या पियानोवादक. इम्रेबाईंनी बाखच्या इटालियन कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग पाठ केला, तो सगळा रियाज या दोघांनी नोंदवून तपासला. त्यातही हे फाटे वेगळे काढलेले आहेत.

घरी तुम्ही डोळे मिटून वाजवता ती बोटांची आठवण. एक कडी पुढचीला ओढते, डोक्याला त्रास नाही. पण स्टेजवर घाम फुटला, मध्येच "पुढं काय?" असं मनात आलं, की कडी तुटते. आणि तुटली की बोटांना एकच जागा माहीत असते, पहिला बार. म्हणून तुम्ही पुन्हा मागं गेलात. त्यातच घोटाळा झाला. मागं गेलं की त्याच खड्ड्यात त्याच वेगानं जायचं.

जायचं ते पुढं. तुमच्या इन्व्हेन्शनचे 22 बार आहेत. सातव्याला ती जी मेजरला टेकते, पंधराव्याला ए मायनरला, शेवटी सी मेजरला घरी येते. सात आणि पंधरा हे तुमचे थांबे. तिथून, मागचं काही न वाजवता, झोपेतून उठवलं तरी सुरू करता आलं पाहिजे. माझ्याकडं स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर एक बार नंबर. मूल चिठ्ठी उचलतं आणि तिथून वाजवतं. पहिले आठ दिवस रडारड होते. दुसरं, नुसता डावा हात पाठ करा. तिसरं, अर्ध्याहून कमी लयीत वाजवा. त्या लयीत बोटांची साखळी चालत नाही, मग डोक्याला काय येतंय आणि काय नाही ते उघडं पडतं. आणि केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर पियानोशिवाय, मनातल्या मनात, कुठलं बोट कुठं ते बघत पूर्ण वाजवा. जर्मन पियानोवादक गीझेकिंग आणि त्यांचे गुरू लाइमर यांची पद्धत हीच होती, आधी कागदावरून डोक्यात, मग हातात.

मोठ्यांचं म्हणाल तर पोर्तुगालच्या पियानोवादक मारिया जुआंव पिरेश यांचं उदाहरण. ॲमस्टरडॅममध्ये संचालक रिकार्डो शायी यांच्या ऑर्केस्ट्रानं मोझार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची रचना) सुरू केला आणि बाई तयारी करून आल्या होत्या दुसऱ्याच कॉन्चेर्टोची. चेहरा पांढराफटक. पण त्या कॉन्चेर्टोत पियानो सुरू व्हायच्या आधी ऑर्केस्ट्रा दोन मिनिटांच्या वर वाजतो. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतःला सावरलं आणि वाजवलं. डी मायनर त्यांच्या डोक्यात होता, म्हणून सावरता आलं. नुसत्या बोटांत असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

प्रश्न : अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात आम्ही तास-तास कागदाशिवाय गाणं ऐकत आलोय. मग पियानोवाल्यांनी समोर नोटेशन ठेवणं कमीपणाचं नाही का?
— एक श्रोता, मंगळवार पेठ

उत्तर : ख्यालात बंदिशीचा शब्द विसरला तर गायक आकारात शिरतो आणि समेवर येतो, तुम्ही उलट "वा" म्हणता. पियानोवर सूर न् सूर लिहिलेला. आकारात शिरायची सोय नाही. शिवाय न बघता वाजवायची ही रूढी काही वेदकाळापासूनची नव्हे. क्लारा शूमान आणि लिस्ट या पियानोवादकांनी एकोणिसाव्या शतकात ती रुळवली. रशियन पियानोवादक रिख्टरसारखा माणूस उतारवयात अंधाऱ्या हॉलमध्ये छोटा दिवा लावून नोटेशन बघून वाजवत होता. त्याला कोणी कमी म्हटलं नाही.

तेव्हा ठेवा खुशाल. फक्त पावसाळ्यात आमच्याकडं पियानोच्या पट्ट्या फुगतात म्हणून आत बल्ब लावून ठेवावा लागतो, आणि हॉलात पंखा फुल्ल असतो. पान उडालं तर पाठांतर बरं म्हणायची वेळ येते. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे बरोबर न्या.