टेस्टचे फोल्डर लावताना

सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रोजेक्टमधल्या टेस्टच्या (कोड तपासणाऱ्या कोडच्या) फोल्डरांची तू पाठवलेली यादी पाहिली. 'टेस्ट', 'टेस्ट्स', 'न्यू_टेस्ट्स', 'मिसलेनियस' हे सगळे शेजारी शेजारी नांदताहेत, आणि नवी टेस्ट कुठे ठेवायची हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतोय. हे आवरायचंय, असं म्हणतेस किंवा म्हणतोस ते बरोबरच आहे. पण हात लावण्याआधी एक बघून घे: यातल्या कोणत्या टेस्ट खरोखर चालतात?

टेस्टचं नाव आधी रनर (टेस्ट शोधून चालवणारं टूल) वाचतो, मग माणूस. पायटेस्ट हा पायथनचा रनर आपणहून उचलतो त्या 'टेस्ट_'ने सुरू होणाऱ्या किंवा '_टेस्ट'ने संपणाऱ्या पायथन फाइली. कुणी भाबडेपणाने 'लॉगिन_टेस्ट्स' असं अनेकवचन केलं, की ती फाइल बाहेर. बिल्ड (कोड बांधून तपासण्याची फेरी) हिरवंच, म्हणजे पास, राहतं, कारण जी टेस्ट चाललीच नाही ती फेल कशी होणार? जावाच्या मावेन या बिल्ड टूलमध्ये असाच दुसरा खड्डा आहे. त्याचं शुअरफायर हे प्लगइन 'टेस्ट' किंवा 'टेस्ट्स'ने संपणारे क्लास घेतं आणि 'आयटी'ने संपणारे फेलसेफ या दुसऱ्या प्लगइनसाठी सोडतं. प्रोजेक्टला फेलसेफ जोडलेलंच नसेल, तर त्या इंटिग्रेशन टेस्ट (अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या) वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहतात, आणि रिव्ह्यूमध्ये त्या असल्याचं समाधान मात्र सगळ्यांना मिळतं. म्हणून हलवाहलवीच्या आधी आणि नंतर रनरकडून टेस्टची यादी काढून घे (पायटेस्टला 'कलेक्ट-ओन्ली' हा पर्याय दिला की ती मिळते) आणि दोन्ही ताडून बघ.

टेस्ट कोडच्या शेजारी की वेगळ्या फोल्डरमध्ये, या वादात वेळ घालवू नकोस. बहुतेक भाषांनी तो आधीच मिटवलाय. गोमध्ये '_टेस्ट'ची फाइल कोडशेजारी असते आणि नमुन्याचा डेटा 'टेस्टडेटा'त, कारण त्या नावाच्या फोल्डरकडे गोचं टूल पॅकेज म्हणून बघतच नाही. रस्टमध्ये युनिट टेस्ट (एकेक छोटा भाग तपासणाऱ्या) त्याच फाइलमध्ये, इंटिग्रेशन टेस्ट 'टेस्ट्स'मध्ये. तिथे मात्र थेट ठेवलेली प्रत्येक फाइल वेगळा क्रेट (रस्टमधला स्वतंत्र घटक) म्हणून कंपाइल होते. फाइली भराभर वाढवल्यास तर बिल्ड रेंगाळतं.

वरच्या पातळीवरचे भाग कसे पाडायचे, हा खरा प्रश्न. 'युनिट' कशाला म्हणायचं यावर टीममध्ये एकमत होणं अवघड. त्यापेक्षा टेस्ट चालायला काय लागतं ते विचार: काहीच नाही, डेटाबेस, की नेटवर्क आणि बाकीच्या सर्व्हिसेस? सीआयला (बदल आला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेला) तेवढंच कळायला हवं असतं. त्याच्या आत विषयाप्रमाणे लाव, आणि तिथली नावं सोर्सच्या फोल्डरशी जुळती ठेव. 'बिलिंग'चा कोड बदलणाऱ्याला त्याच्या टेस्ट शोधायला सर्च मारावा लागू नये. 'मिसलेनियस' हे नाव म्हणजे त्या दिवशी विचार करायचा कंटाळा आला होता, एवढीच नोंद.

बगच्या नंबरवरून नाव देण्याचा मोह आवर. रस्ट कंपायलरच्या 'टेस्ट्स/यूआय/इश्यूज'मध्ये 'इश्यू-अमुक' अशा नावांच्या फाइलींचा ढीग साचला. आता त्यांची मार्गदर्शिकाच सांगते की नाव वर्णनात्मक द्या. नंबर टाकायचा तर फाइलीतल्या कॉमेंटमध्ये. नंबर मुळातच वाईट असतात असं नाही. गिट या कोडचे बदल सांभाळणाऱ्या टूलच्या स्वतःच्या 'टी' फोल्डरमध्ये प्रत्येक स्क्रिप्टला चार आकडी नंबर आहे, पण पहिला आकडा कमांडचं कुटुंब सांगतो (4 म्हणजे डिफ, दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या कमांड) आणि नंबरापुढे 'ब्रांच'सारखं साधं नावही असतं. कोणता आकडा कशाचा, हे तिथल्याच रीडमीत (माहितीच्या फाइलीत) लिहिलंय. तसं रीडमी तुमच्याकडेही ठेव. छोटं चालेल, पण नवीन टेस्ट कुठे जाते आणि एकाच फोल्डरच्या टेस्ट कशा चालवायच्या हे त्यात हवंच.

आणि हलवताना घाई नको. एका कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र जतन केलेल्या बदलांत) फक्त फाइली हलव, आतला मजकूर दुसऱ्या कमिटमध्ये बदल. गिट नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ओळखतं. दोन्ही एकदम केलंस तर फाइलीचा इतिहास शोधणाऱ्याला तो तिथेच तुटलेला दिसेल. सीआयच्या स्क्रिप्टमधले आणि कोडओनर्समधले (कोणता कोड कुणाच्या जबाबदारीचा ते सांगणाऱ्या फाइलीतले) जुने पाथ त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (मंजुरीला पाठवलेल्या बदलांत) बदल. सुरुवात 'न्यू_टेस्ट्स'पासून कर. तो तसाही नवा राहिलेला नाही.